विश्लेषण : चिमणी पाडली, विमान आले, आता सोलापूरची विमानसेवा टिकणार कशावर?

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्यासाठी विमान झेपावले आणि सुमारे दीड दशकाच्या खंडानंतर शहराला नियमित प्रवासी विमानसेवा मिळाली. पाठोपाठ १५ ऑक्टोबरला मुंबईची सेवा सुरू झाली. त्याआधी दोन वर्षे, १५ जून २०२३ रोजी, याच विमानतळासाठी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी पोलीस बंदोबस्तात जमीनदोस्त करण्यात आली होती. चिमणी की विमान, या प्रश्नावर सोलापूर काही वर्षे अक्षरशः दोन गटांत विभागले गेले. चिमणी गेली, विमान आले, म्हणजे प्रश्न मिटला असे अनेकांना वाटते. पण छोट्या शहरांतील विमानसेवेचा राज्यातला आणि देशातला अनुभव पाहिला, तर खरी परीक्षा पहिल्या उड्डाणानंतर सुरू होते.

विमानतळ जुना, मग विमान का नव्हते?

होटगी रस्त्यावरील विमानतळ नवा नाही. मंत्र्यांची आणि उद्योजकांची खासगी विमाने, हेलिकॉप्टर यांची येथे वर्षानुवर्षे ये-जा राहिली. नियमित प्रवासी सेवा मात्र अल्पजीवी ठरली. २००९-१०च्या सुमारास किंगफिशर एअरलाइन्सने मुंबई-सोलापूर सेवा चालवली. ती फार काळ टिकली नाही. पुढे कंपनीच आर्थिक गर्तेत गेली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये तिचा उड्डाण परवाना निलंबित झाला.

वादाच्या काळात एक तपशील बहुतेकांच्या विस्मरणात गेला. किंगफिशरची सेवा बंद पडली, तेव्हा ती वादग्रस्त चिमणी उभीच नव्हती. सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी त्यानंतर काही वर्षांनी उभी राहिली. म्हणजे सोलापूरचे पहिले विमान चिमणीमुळे गेले नव्हते. ते मार्गाच्या आणि कंपनीच्या अर्थकारणामुळे गेले होते. चिमणीने नंतर दुसऱ्या विमानाची वाट अडवली, हे खरे. मात्र पहिले विमान घालवणारे कारण चिमणीबरोबर कोसळलेले नाही.

चिमणीचा अडथळा नेमका कसा होता?

विमानतळाची हद्द कुंपणापाशी संपते, असे जमिनीवरून वाटते. हवेत ती कित्येक किलोमीटर पसरलेली असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांनुसार प्रत्येक धावपट्टीभोवती काही काल्पनिक पृष्ठभाग आखलेले असतात आणि त्यांना छेदणारी कोणतीही उंच वस्तू अडथळा मानली जाते. मोठ्या विमानांसाठीच्या धावपट्टीभोवती साधारण चार किलोमीटरपर्यंत, विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर एक अदृश्य छत असते. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून पुढे नरसाळ्यासारखा पसरत जाणारा एक उतार असतो. उपकरणांच्या आधारे विमान उतरणाऱ्या धावपट्टीसाठी तो सुरुवातीला इतका सपाट असतो, की धावपट्टीपासून ५० मीटर दूर गेल्यावर तो जेमतेम एक मीटर वर चढतो. विमान उतरताना याच नरसाळ्यातून खाली येते.

सिद्धेश्वर कारखाना कुमठे येथे, विमानतळाच्या अगदी शेजारी आहे. त्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी सुमारे ९० मीटर उंच होती. म्हणजे ४५ मीटरच्या छतापेक्षा जवळपास दुप्पट, आणि तीही विमान ज्या दिशेने उतरायचे त्या मार्गात. विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे ‘डीजीसीए’, अशा धावपट्टीला नियमित प्रवासी वाहतुकीचा परवाना कसा देणार? छोटे खासगी विमान उतरते, मग प्रवासी विमान का नाही, असा प्रश्न त्या काळात वारंवार विचारला गेला. त्याचे उत्तर विमान उतरू शकते की नाही यात नाही. एक इंजिन बंद पडले, पाऊस आला, दृश्यमानता घटली, तरी सुरक्षित अंतर राखता येईल का, हे नियामक पाहतो. नियमित सेवेत हे सगळे कधी ना कधी घडणार, असे गृहीत धरूनच परवाना दिला जातो.

विमानतळाच्या परिसरातील बांधकामांच्या उंचीवर बंधन घालणारे केंद्राचे नियम आहेत, अडथळे पाडण्याबाबतचे १९९४चे नियमही आहेत. गंमत अशी, की चिमणी उंच ठेवण्यामागेही नियमच होता. बॉयलरचा धूर आसपासच्या वस्तीवर उतरू नये म्हणून पर्यावरणाचे निकष उंच चिमणी मागतात. एका खात्याचा नियम उंची वाढवायला सांगतो आणि दुसऱ्याचा कमी करायला. दोन्हींची सांगड बांधकामापूर्वीच घालणे अपेक्षित होते. ते झाले नाही आणि वाद महापालिका, डीजीसीए आणि न्यायालये असा फिरत राहिला.

चिमणी पाडण्यास विरोध का होता?

या विरोधाला केवळ राजकारण म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. राजकारण होतेच. सिद्धेश्वर कारखाना आणि काडादी घराणे हे सोलापूरच्या सार्वजनिक जीवनातील जुने समीकरण आहे. मात्र त्याखाली खरा आर्थिक प्रश्नही होता. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला हा जिल्हा आहे. साखरेच्या दराचा भरवसा नसताना कारखान्यांना तगवणारे जोडउत्पन्न म्हणजे सहवीज. उसाचा रस काढल्यावर उरणारे बगॅस जाळायचे, उच्च दाबाची वाफ तयार करायची, तिच्यावर टर्बाइन फिरवून कारखान्याची गरज भागवायची आणि उरलेली वीज विकायची. बॉयलरला चिमणी नसेल, तर ही साखळी पहिल्याच टप्प्यावर तुटते. सभासद शेतकऱ्यांच्या दृष्टीने चिमणी म्हणजे उसाच्या बिलाचा एक भाग होता. जे विमानात कधी बसणार नाहीत, त्यांच्या पैशाने उभी राहिलेली वास्तू विमानासाठी पाडायची, ही त्यांची तक्रार होती. बोरामणी येथे नव्या विमानतळासाठी जमीन घेतली असताना जुन्याचा हट्ट का, असाही त्यांचा सवाल होता.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे तितकेच रोखठोक होते. २०११च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाखांहून अधिक लोकवस्ती असलेल्या शहरात विमान येत नाही, म्हणून उद्योग येत नाहीत. उद्योग नाहीत, म्हणून शिकलेली मुले पुणे, हैदराबाद, बंगळूरुकडे जातात. गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणारे शहर गिरण्या बंद पडल्यावर मागे पडत गेले, ही सल त्यामागे होती. शेजारच्या कलबुर्गीत नोव्हेंबर २०१९ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला, तेव्हा ती सल आणखी वाढली. नागरिकांच्या संघटनांनी उपोषणे केली, मोर्चे निघाले. त्याला उत्तर म्हणून कारखान्याच्या सभासदांचेही मोर्चे निघाले. अखेर महापालिकेने चिमणी अनधिकृत बांधकाम ठरवून पाडली. काही सेकंदांत ती कोसळली. त्याची चित्रफीत राज्यभर फिरली.

‘उडान’मध्ये निवड होऊनही सोलापूर मागे का राहिले?

छोटी शहरे हवाई नकाशावर आणण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘उडान’ ही प्रादेशिक जोडणी योजना जाहीर केली. मार्च २०१७ मध्ये पहिल्या फेरीत १२८ मार्गांचे वाटप झाले. महाराष्ट्रातून नांदेड, नाशिक, जळगाव, कोल्हापूर आणि सोलापूर ही पाच शहरे त्यात होती. नांदेडहून हैदराबादला २७ एप्रिल २०१७ रोजी, म्हणजे योजनेच्या पहिल्याच दिवशी विमान गेले. नाशिक आणि जळगावचे मुहूर्त त्या वर्षाअखेरीस लागले. कोल्हापूरला एप्रिल २०१८ मध्ये विमान आले. पाचपैकी मागे राहिले ते सोलापूर.

मुंबई-सोलापूर मार्ग एअर डेक्कनला मिळाला होता. या कंपनीकडे जेमतेम १८-१९ आसनांची छोटी बीचक्राफ्ट विमाने होती. चिमणीमुळे सोलापूरचे उड्डाण झाले नाही. पण समजा चिमणी नसती, तर? नाशिक, जळगाव, कोल्हापूर या मार्गांवर याच कंपनीची सेवा सुरू झाली. ती सतत विस्कळीत राहिली आणि बंद पडली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, कंपनीने कामकाजच थांबवले. तेव्हा चिमणी नसती तरी सोलापूरला त्या फेरीत फार तर काही महिन्यांची विमानसेवा मिळाली असती.

अनुदानाचे गणित काय?

कोणत्याही छोट्या विमानतळाची कहाणी शेवटी एका आकड्यापाशी येते : एका आसनामागे तोटा किती आणि तो कोण भरणार?

विमानाच्या एका फेरीचा खर्च बहुतांशी ठरलेला असतो. इंधन, वैमानिकांचे वेतन, विमानाचे भाडे, देखभाल, विमा. विमान भरलेले असो वा अर्धे रिकामे, हा खर्च फारसा बदलत नाही. दिल्ली-मुंबई मार्गावर १८० आसनांच्या विमानात तो विभागला जातो. छोट्या विमानतळांवर ७०-७५ आसनांच्या विमानांत विभागायचा, तर प्रत्येक आसनाचा वाटा वाढतो. त्यात तिकीट स्वस्त ठेवायचे, ही योजनेची अट. ‘उडान’ने सुरुवातीला तासाभराच्या प्रवासासाठी निम्म्या आसनांचे भाडे सुमारे अडीच हजार रुपयांवर रोखले होते. खर्च आणि मिळकत यांतील फरक भरून काढण्यासाठी विमान कंपनीला व्यवहार्यता तफावत निधी दिला जातो. त्यातला ८० टक्के वाटा केंद्राच्या निधीतून येतो आणि २० टक्के राज्याचा असतो. केंद्राचा निधी प्रामुख्याने मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार लावून जमतो. थोडक्यात, मुंबई-दिल्लीचा प्रवासी नकळत छोट्या शहराच्या प्रवाशाचे थोडे तिकीट काढत असतो. ही मदत तीन वर्षांसाठी असते आणि त्या काळात मार्गावर कंपनीला स्पर्धाही नसते.

सोलापूर-मुंबईच्या बाबतीत राज्य सरकारने २०२५ मध्ये वेगळा मार्ग घेतला. केंद्राच्या वाटपाची वाट न पाहता तफावतीचा १०० टक्के भार एका वर्षासाठी स्वतः उचलण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. रक्कम ठरली प्रति आसन ३,२४० रुपये. वर्षाची तरतूद १७ कोटी ९७ लाख ५५ हजार २०० रुपये.

हा आकडा कोठून आला, ते पाहणे उद्बोधक आहे. स्टार एअरच्या एम्ब्रेअर ई-१७५ विमानात ७६ आसने असतात. दररोज एक जाणारे आणि एक येणारे उड्डाण धरले, तर दिवसाला १५२ आसने. ३,२४० रुपयांप्रमाणे दिवसाचे ४ लाख ९२ हजार ४८० रुपये. त्याला ३६५ दिवसांनी गुणले, की बरोबर १७ कोटी ९७ लाख ५५ हजार २०० रुपये येतात. म्हणजे ही तरतूद वर्षभर रोज विमान उडेल आणि सर्व ७६ आसनांना मदत लागू होईल असे धरून केलेली कमाल रक्कम आहे. रोज उड्डाण झाले नाही, तर खर्च घटतो. पण रोज उड्डाण झाले नाही, तर प्रवाशाची सवयही लागत नाही, ही त्यातली खरी अडचण.

वर्षाची आसने होतात ५५,४८०. सरकारी खर्चाच्या मापात १८ कोटी ही काही मोठी रक्कम नव्हे. एखाद्या उड्डाणपुलाचा खर्च यापेक्षा कितीतरी जास्त असतो. पण पूल एकदा बांधला की उभा राहतो. हा पैसा दर वर्षी नव्याने उभा करावा लागतो.

अनुदान संपले की काय होते?

याचे उत्तर महालेखापरीक्षकांच्या २०२३च्या अहवालात आहे आणि ते उत्साहवर्धक नाही. ‘उडान’च्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्गांचे वाटप झाले. त्यातील ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. उरलेल्या ३७१पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. मुदतीनंतर, म्हणजे अनुदानाविना, टिकले अवघे ५४. वाटप झालेल्या मार्गांच्या सात टक्के.

राज्यातील उदाहरणे पाहू. नांदेड ‘उडान’च्या पहिल्या दिवसाचे मानकरी. तेथे सेवा देणारी ट्रूजेट ही कंपनी २०२२च्या सुरुवातीला जमिनीवर आली आणि तिच्याबरोबर त्या शहराची जोडणीही तुटली. सचखंड गुरुद्वारामुळे देश-विदेशातील शीख भाविकांची कायम ये-जा असलेल्या शहराची ही स्थिती झाली. तेथे प्रवाशांची वानवा नव्हती. ज्या कंपनीवर मार्ग अवलंबून होता, ती कंपनीच टिकली नाही. २०२४ मध्ये स्टार एअरने हैदराबाद, बंगळूरु आणि दिल्लीजवळील हिंडनसाठी उड्डाणे सुरू केल्यावर नांदेडचा विमानतळ पुन्हा जागा झाला.

कोल्हापूरचा अनुभव अधिक लांबचा. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झालेला उजळाईवाडीचा विमानतळ नोव्हेंबर २०११ मध्ये किंगफिशरने पाठ फिरवल्यावर साडेसहा वर्षे प्रवासी विमानांविना राहिला. पुन्हा विमान आले, तेव्हाही मुंबई मार्गावर एअर डेक्कन, मग ट्रूजेट, मग स्टार एअर अशी कंपन्यांची अदलाबदल झाली आणि मधल्या काळात खंड पडत राहिले. तरीही कोल्हापूर सावरले. का? एक तर तेथे हैदराबाद, बंगळूरु, तिरुपती असे अनेक मार्ग उभे राहिले आणि इंडिगोसारखी मोठी कंपनी आली. एक मार्ग बंद पडला, तरी विमानतळ बंद पडला नाही. दुसरे म्हणजे धावपट्टी वाढत गेली, रात्री विमान उतरण्याची सोय झाली, मार्च २०२४ मध्ये नवे टर्मिनल खुले झाले. सोलापूरने शेजाऱ्याकडून घ्यायचा धडा असेल, तर तो हा आहे. केवळ मुंबई मिळून विमानतळ जगत नाही.

मुंबईचा ‘स्लॉट’ इतका महत्त्वाचा का?

मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. तासाला साधारण ४५ उड्डाणे-अवतरणे ही तिची मर्यादा. सकाळ-संध्याकाळची प्रत्येक वेळ मोठ्या कंपन्यांनी धरलेली असते. १८० ते ३०० आसनांच्या विमानाला जेवढा वेळ धावपट्टी लागते, जवळपास तेवढाच वेळ ७६ आसनांच्या विमानालाही लागतो. उलट मंद गतीच्या टर्बोप्रॉप विमानामुळे मागच्या जेटला अधिक अंतर ठेवावे लागते. साहजिकच छोट्या शहराच्या वाट्याला येते ती आडवेळ, बहुधा दुपारची.

व्यापारी माणसाला सकाळी मुंबईला पोहोचून संध्याकाळी घरी परतायचे असते. दुपारच्या विमानाने ते होत नाही. एक मुक्काम वाढतो. मग तो रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडतो. झोपेत प्रवास होतो आणि सकाळी मुंबईत. चिमणीसाठी मोर्चे निघाले, स्लॉटसाठी अजून कोठे मोर्चा निघालेला ऐकिवात नाही. नवी मुंबई विमानतळाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेरीस तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. त्यामुळे प्रादेशिक विमानांसाठी जागा होईल, अशी अपेक्षा आहे. मात्र सोलापूरहून नवी मुंबईत उतरलेल्या प्रवाशाला फोर्ट किंवा बीकेसी गाठायला लागणारा वेळही हिशेबात धरावा लागेल.

प्रवासी मिळतील का?

मिळतील, पण कोणत्या मार्गावर, हा प्रश्न आहे. मुंबईसाठी विमानाची स्पर्धा रेल्वेशी आहे. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत सुमारे साडेसहा तासांत मुंबईला पोहोचवते. पुण्यासाठी हुतात्मा एक्स्प्रेस आणि चौपदरी रस्ता असताना विमानाला फारसा वाव नाही. विमानतळावर तासभर आधी जाणे, तासाभराचे उड्डाण, मग मुंबईची वाहतूक हे सारे जमेस धरले, तरी विमानाने तीन-साडेतीन तास वाचतात. त्या वेळेसाठी किती जण जादा पैसे मोजतील, यावर मार्गाचे भवितव्य ठरेल.

रेल्वेने जेथे रात्र जाते, तेथे विमानाचे पारडे जड होते. बंगळूरु आणि गोवा या मार्गांचे महत्त्व त्यामुळे अधिक आहे. टॉवेल-चादरी आणि शालेय गणवेशांचे व्यापारी, बंगळूरुतील आयटी कंपन्यांत काम करणारे सोलापूरचे तरुण हा एक वर्ग. दुसरा वर्ग याहून मोठा ठरू शकतो. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर आणि गाणगापूर ही चार तीर्थक्षेत्रे सोलापूरपासून दोन-अडीच तासांच्या आत आहेत. त्यातील भाविकांचा मोठा ओघ कर्नाटक, तेलंगणातून येतो. हा प्रवासी सोलापूरचा नसेल, तो सोलापूरला येणारा असेल. विमानतळाच्या चर्चेत ‘आमच्या मुलांना जाता आले पाहिजे’ हे खूप बोलले गेले. येणाऱ्यांचा विचार त्या मानाने कमीच झाला.

इंधन आणि ऊन यांचा काय संबंध?

‘उडान’मधील विमानतळांवर विमान इंधनावरील कर एक टक्का किंवा त्याहून कमी ठेवणे राज्यांना बंधनकारक आहे. मुंबईत तो १८ टक्के आहे. त्यामुळे अशा छोट्या विमानतळावर स्वस्त इंधन भरून घेणे कंपनीच्या फायद्याचे. पण त्यासाठी तेथे इंधन भरण्याची सोय हवी. ती नसेल, तर विमानाला परतीचे इंधन निघतानाच भरून आणावे लागते. वजन वाढते आणि कधी कधी तेवढी आसने रिकामी सोडावी लागतात.

सोलापूरच्या उन्हाचेही तसेच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनही कमी ताकद देते. उड्डाणासाठी अधिक लांब धावपट्टी लागते. धावपट्टी लांबवता येत नसेल, तर वजन घटवावे लागते. होटगी रस्त्याची धावपट्टी शहर आणि वस्तीने वेढलेली आहे. तिला पसरायला जागा कमी आहे. इंडिगो किंवा एअर इंडियाची एअरबस ए-३२० विमाने येथे नियमित आणणे त्यामुळे सोपे नाही, आणि मोठ्या कंपन्यांकडे मुख्यतः तीच विमाने आहेत. पर्याय उरतो तो एटीआर किंवा एम्ब्रेअर चालवणाऱ्या मोजक्या कंपन्यांचा. गोव्याला जाणारी फ्लाय९१ एटीआर-७२ वापरते, मुंबईची स्टार एअर एम्ब्रेअर. यापैकी एकीची दोन विमाने देखभालीसाठी अडकली, तरी वेळापत्रक कोलमडू शकते.

बोरामणीचे काय?

हैदराबाद महामार्गावरील बोरामणी येथे मोठ्या विमानतळाची योजना दीड दशकाहून जुनी आहे. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. अडथळा आला तो वनजमिनीचा आणि माळढोकचा. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेले माळढोक अभयारण्य मूळ अधिसूचनेत तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. नंतर ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. नान्नजच्या माळावर आता माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे, तरी गवताळ माळरानाचे महत्त्व आणि वनखात्याची परवानगी हे विषय राहतातच.

होटगी रस्त्यावरून सेवा सुरू झाल्याने बोरामणीची निकड संपली, असे एक मत आहे. दुसरे मत असे, की होटगी रस्त्यावर प्रवासी वाढले तरच बोरामणीवरील मोठ्या खर्चाचे समर्थन करता येईल. जमीन दिलेले शेतकरी मात्र या दोन्ही मतांच्या मध्ये अडकले आहेत. शेत गेले आणि विमानतळही नाही. केंद्राने फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात सुधारित ‘उडान’ची घोषणा करताना दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. राज्याने दिलेली एका वर्षाची मदत संपण्यापूर्वी सोलापूर-मुंबई मार्गाला त्यात जागा मिळवून द्यायची, मदत स्वतःच पुढे चालू ठेवायची, की भाडे बाजारावर सोडायचे, हे तीन पर्याय राज्य सरकारपुढे आहेत. पहिल्यात केंद्राचा ८० टक्के वाटा मिळतो. दुसऱ्यात वर्षाला कमाल १८ कोटींचा भार राहतो. तिसऱ्यात आज सरकार भरत असलेले प्रति आसन ३,२४० रुपये तिकिटात मिळवावे लागतील.